पर्सेलच्या डायडोचं शेवटचं गाणं कसं गावं? ख्याल शिकलेल्या एका गायिकेच्या प्रश्नाला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ख्यालाची तालीम बरीच वर्षं घेतलेल्या एका गायिकेने आता पुण्यात पाश्चात्त्य गायन शिकायला सुरुवात केली आहे. परीक्षेसाठी तिला सतराव्या शतकातल्या इंग्रज संगीतकार हेन्री पर्सेलच्या 'डायडो अँड इनिअस' या ऑपेरातली 'व्हेन आय अ‍ॅम लेड इन अर्थ' ही आरिया, म्हणजे एकल गाणं, दिली आहे. सूर बरोबर लागतात, शब्द पाठ आहेत, पण शिक्षिका म्हणतात की ऐकताना काही होत नाही. तिने तीन गोष्टी विचारल्या आहेत: आवाजात रडणं आणावं का, मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) किती चालेल, आणि त्याच त्या ओळी पुन्हापुन्हा म्हणताना करायचं काय?

ही आरिया मी गायले आहे आणि शिकवतेही, त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

रडणं अजिबात आणू नका. कारण कथेतच आहे आणि ते नीट कळलं की निम्मं काम होतं, म्हणून आधी कथा.

डायडो ही कार्थेजची राणी, विधवा. ट्रॉय पडल्यावर भटकत आलेला राजपुत्र इनिअस तिच्या राज्यात येतो, दोघं प्रेमात पडतात. मूळ गोष्ट व्हर्जिलच्या 'इनिइड' या लॅटिन महाकाव्याच्या चौथ्या सर्गातली. तिथे देवांचा दूत मर्क्युरी खरोखरच येऊन इनिअसला बजावतो की तुझं काम इटलीत नवं राष्ट्र उभारायचं आहे, निघ. पर्सेलसाठी संहिता लिहिणाऱ्या नेहम टेटने यात मोठा फेरफार केला. त्याच्या ऑपेरात डायडोचा द्वेष करणाऱ्या चेटकिणी आहेत आणि त्यातली मुख्य चेटकीण आपल्याच एका भुताला मर्क्युरीच्या रूपात पाठवते. म्हणजे ही ताटातूट एका खोट्या निरोपामुळे होते. इनिअस फसतो आणि डायडोला हे शेवटपर्यंत कळत नाही.

आता तुमच्या आरियाच्या आधीचा प्रवेश बघा. बहुतेक विद्यार्थी तो वाचतच नाहीत. इनिअस निरोप घ्यायला येतो. डायडो संतापलेली आहे, ती त्याच्या दुःखाला नाईलच्या काठावरच्या मगरीचे अश्रू म्हणते. तो विरघळतो आणि म्हणतो, देवांची आज्ञा मोडतो, मी राहतो. इथे गोष्ट संपू शकली असती. पण डायडो नाही म्हणते. एकदा का होईना, मला सोडून जायचा विचार तुझ्या मनात आला, एवढं मला पुरे आहे, असं ती सांगते आणि त्याला हाकलते. तो 'राहतो' म्हणतोय, ती 'जा' म्हणतेय, अशी त्यांची झटापट दोघांच्या एकत्र गाण्यात होते. मग तो जातो. तो गेल्याबरोबर ती एकटीशी कबूल करते की आता मरण टळत नाही. त्यावर कोरस, म्हणजे समूहगायकांचा गट, म्हणतो की थोर मनं स्वतःविरुद्धच कट करतात आणि ज्या औषधाची सर्वांत जास्त ओढ असते तेच नाकारतात.

ख्यालातून आणि ठुमरीतून आलेल्या गायिकेला इथे फार जपावं लागतं. आपल्या बंदिशींमधली विरहिणी वाट बघत असते. पिया आला नाही, रात्र सरत नाही, दारात उभी आहे, पण तो येण्याची शक्यता शिल्लक असते. त्या आशेमुळेच स्वर लांबवायचा, आळवायचा, पुकार लावायची. तुमच्या गळ्यात हा भाव इतका मुरलेला असणार की 'विरहाचं गाणं' म्हटल्यावर तो आपोआप वर येईल. डायडो मात्र कुणाची वाट बघत नाही. परत येऊ पाहणाऱ्याला तिने स्वतः पाठवलं आहे. या आरियात आळवणी नाही, तक्रार नाही, इनिअसचं नावसुद्धा नाही. ती बोलतेय तिच्या सखीशी, बेलिंडाशी. मी मातीत गेले की माझ्यावरच्या अन्यायाचा तुझ्या मनाला त्रास होऊ नये, माझी आठवण ठेव, माझ्या नशिबाला मात्र विसरून जा. आरियाचा मजकूर एवढाच.

व्हर्जिलची डायडो अशी मरत नाही. ती चिता रचते, इनिअसने मागे ठेवलेल्या तलवारीवर स्वतःला झोकून देते आणि मरण्याआधी त्याच्या वंशाला कडकडून शाप देते. टेटने चिताही काढली, तलवारही काढली, शापही काढला. संहितेच्या ओळींत ती कशाने मरते याचा उल्लेखही नाही. उरलं काय, तर एक बाई जी शेवटच्या क्षणी दुसऱ्या बाईची काळजी करतेय. जिला समोरच्याला त्रास होऊ द्यायचा नाही, ती त्याच्यासमोर हुंदके कसे देईल? तुमच्या पहिल्या प्रश्नाचं माझं उत्तर या एका गोष्टीवर उभं आहे.

मग दुःख येणार कुठून? ते खाली आहे, खर्जात.

ही आरिया 'ग्राउंड बास'वर बांधलेली आहे. चेलो आणि हार्प्सिकॉर्ड, म्हणजे परीक्षेत पियानोचा डावा हात, पाच मात्राखंडांची एकच ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवत राहतात. ती एकूण अकरा वेळा येते. पहिल्यांदा एकटी, मग दोन आवर्तनांत तुमचा पहिला भाग, तोच पुन्हा दोन आवर्तनांत, मग 'रिमेंबर मी'चा भाग दोन आवर्तनांत आणि तोही पुन्हा दोन आवर्तनांत, शेवटची दोन आवर्तनं नुसत्या वाद्यांची. तबल्याच्या एकलवादनात सारंगीवर लेहरा, म्हणजे तीच ती धून, चालू असतो ना, तसाच हा खर्ज. आपण कुठे आहोत हे तो सांगत राहतो.

त्या ओळीतले स्वर तुमच्या भाषेत सांगते. आरिया जी मायनरमध्ये आहे, म्हणजे सा पांढरी पाच (हार्मोनियमची पाचवी पांढरी पट्टी). खर्ज सा पासून निघतो आणि एकही पट्टी न सोडता खाली येतो: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, प. मग तिथून वळून पुन्हा सा वर येऊन टेकतो. दोन्ही निषाद आणि दोन्ही धैवत असे सलग. आपल्याकडे ललितमध्ये दोन मध्यम लागोपाठ येतात तेव्हाही कान टवकारतात, इथे तर चार स्वर तसे ओळीने उतरतात. सा ते प हे उतरतं अंतर शोकासाठी वापरायची चाल इटलीतून आली. तिथल्या संगीतकार माँतेव्हेर्दीने 1638 साली छापलेल्या आपल्या 'अप्सरेच्या विलापा'त चार उतरत्या स्वरांचा असाच खर्ज ठेवला होता. पुढे जर्मन संगीतकार बाखने बी मायनर मास या चर्चच्या उपासनेसाठीच्या रचनेत ख्रिस्ताच्या क्रूसावरच्या मरणाच्या भागाखाली असाच पायरी-पायरीने उतरणारा खर्ज घातला. पर्सेलच्या काळातल्या श्रोत्याला पहिले सहा स्वर ऐकल्यावर, गाणारी तोंड उघडण्याआधीच, पुढे काय येणार ते समजत असे.

आणि हे आवर्तन थांबवायचं डायडोच्या हातात नाही. ती काहीही म्हणो, खर्ज उतरतच राहतो.

आता लेहऱ्याशी असलेला फरक. तबलजी कितीही लांब जाऊन आला तरी समेवर लेहऱ्याला येऊन मिळतो, त्याशिवाय दाद मिळत नाही. तुमच्याही अंगात ते आहे, मुखडा समेवर आला पाहिजे. पर्सेल नेमकं हेच टाळतो. पाच खंडांचं आवर्तन मुळातच विषम, त्यात डायडोचं वाक्य बहुतेक वेळा खर्जाच्या सीमेवर संपत नाही. तो समेवर पोचतो तेव्हा ती वाक्याच्या मध्यात असते, तिचं वाक्य संपतं तेव्हा तो अर्ध्या वाटेवर. ख्याल गाणारी विद्यार्थिनी नकळत काय करते, तर खर्ज सा वर टेकला की आपला स्वरही जरा टेकवते, जोर देते, श्वास घेते. झालं, आरिया पाच-पाच खंडांच्या तुकड्यांत फुटते आणि ऐकणाऱ्याला अकरा वेळा 'संपलं' असं वाटतं. तुमच्या शिक्षिकेला 'काही होत नाही' असं वाटण्याचं कारण माझ्या अंदाजाने हेच असावं. न ऐकता खात्रीने सांगत नाही, पण ख्यालाकडून आलेल्या मुलींमध्ये मला हे सर्वांत जास्त आढळतं.

यावर उपाय म्हणून एक रियाज देते. हार्मोनियम घ्या. पांढरी पाचला सा धरून मध्य सप्तकातला प, म्हणजे वरची पांढरी दोन, 'आ'कारात लावा. स्वर सरळ, न हलवता. डाव्या हाताने खालच्या सप्तकात सा पासून सुरू करून आधी सांगितलेले सहा स्वर सावकाश उतरत जा. तुमचा प तोच ठेवा. खाली सा असताना तो निवांत वाटेल. खाली शुद्ध नी आला की त्याच प ला जरा धार येईल, कोमल नीवर पुन्हा मऊ होईल. शुद्ध धवर तो घासायला लागेल आणि कोमल धवर चक्क टोचेल. मग खाली प आला की सगळं विरून जाईल. तुम्ही काहीच केलेलं नाही, तरी तुमच्या स्वराचा अर्थ पाच वेळा बदलला. हे कानाला एकदा दिसलं, की आवाजात वेगळं दुःख ओतायची इच्छाच राहत नाही. मात्र टोचतो त्या ठिकाणी तुमचा कान स्वर हलवून सुटका करून घेऊ पाहील, नकळत जरा खाली उतराल. तिथेच थांबायला शिकायचं.

याच कारणासाठी ही आरिया तंबोऱ्यावर बसवू नका. पहिल्या दिवशी सा पक्का करायला ठीक आहे, नंतर बंद करा. तंबोरा तुम्हाला एकच आधार देतो आणि इथे आधारच सरकत असतो.

'रिमेंबर मी'चा भाग हा सगळ्या आरियाचा गाभा आहे, म्हणून त्याच्याकडे बारकाईने बघू. डायडो हे शब्द एका फेरीत तीन वेळा म्हणते. पहिल्या दोन वेळा जवळजवळ बोलल्यासारखं, एकाच स्वरावर, आपल्या हिशेबाने प वर. पर्सेलसारख्या माणसाने, ज्याला हवी ती चाल सुचत होती, ऑपेरातल्या सर्वांत महत्त्वाच्या शब्दांना चालच दिली नाही. एकच स्वर, तोही थांबत थांबत. तिसऱ्यांदा मात्र तोच प्रकार वर चढतो आणि तार सा ला जातो. मग 'बट आ, फर्गेट माय फेट' म्हणत स्वर उतरत मध्य सा पर्यंत येतो. चढ फक्त एक आणि तोही 'आठवण ठेव' यावर, 'विसर'वर उतार.

इथे चुका दोन प्रकारच्या होतात. पहिल्या दोन 'रिमेंबर मी'ना चाल नाही म्हणून गायिका त्यात काहीतरी घालते: कण, हलकी मुरकी, प च्या खालून घेतलेली मींड. नको. ते दोन उच्चार कोरेच हवेत, कारण तिसऱ्याची उंची त्या कोरेपणावर मोजली जाते. दुसरी चूक तार सा ला. ख्यालातला तार षड्ज म्हणजे मोकळा, भरलेला, छातीच्या आवाजातला, पोचल्याचा आनंद देणारा. या गाण्यात तो तसा लावलात तर डायडो जिंकल्यासारखी वाटते. शिवाय हा स्वर उंचीनेही तुमच्या सवयीबाहेरचा आहे. काळी चारमध्ये गाणारी बाई एरवी जो तार सा लावते तो याच्या जवळजवळ एक सप्तक खाली असतो. म्हणून इथे तो डोक्याच्या आवाजात, गोल, पुढे न ढकलता हवा. शिक्षिकेकडून हे एवढंच वेगळं बसवून घ्या. दुसऱ्या फेरीत तोच तार सा पहिल्यापेक्षा हळू लावता आला तर फार सुंदर होतं, पण श्वास पुरला तरच. थरथरणारा हळू स्वर कुणालाही नको असतो.

मींडेबद्दल विचारलंत. दोन स्वर एकाच अक्षरावर जोडलेले असतील तिथे स्वर अखंड राहिला पाहिजे, आणि तुमची तालीम तिथे खरी उपयोगी पडेल, कारण आवाज न तोडता स्वर बदलणं तुम्हाला येतं. पण मधल्या श्रुती ऐकू येता कामा नयेत. विशेषतः अर्ध्या स्वराच्या उतारावर मींड घेतली की खर्जाशी जे घर्षण व्हायला हवं ते पुसून जातं. अलंकारांचं म्हणाल तर बरोक, म्हणजे पर्सेलच्या काळातल्या, गाण्यात पुनरावृत्तीत अलंकार घालायची रीत होती हे खरं आहे. तरी या आरियात मी विद्यार्थ्यांना वाक्याच्या शेवटी एखादी छोटी ट्रिल (दोन शेजारच्या स्वरांची झरझर आलटापालट) यापलीकडे काही घालू देत नाही. हे माझं मत, सगळे असं मानत नाहीत.

श्वास कुठे घ्यायचा याने अर्थ बनतो किंवा बिघडतो. पहिल्या भागात वाक्य असं आहे: 'मे माय राँग्ज क्रिएट' आणि पुढे 'नो ट्रबल, नो ट्रबल इन दाय ब्रेस्ट'. बहुतेक जण 'क्रिएट'नंतर मोठा श्वास घेतात, कारण तिथे दम संपतो. मग वाक्य असं ऐकू येतं की माझे अन्याय काहीतरी निर्माण करोत, आणि मग वेगळंच काहीतरी. श्वास 'अर्थ' या शब्दानंतर भरपूर घ्या आणि 'नो ट्रबल'पर्यंत एका दमात या. मधे लागलाच तर दोन 'नो ट्रबल'च्या मध्ये चोरून घ्या.

दम पुरत नाही याचं खरं कारण बहुधा लय असते. तीन-तीनच्या वजनाची ही चाल नाचाच्या कुळातली आहे. पहिल्यांदा हा ऑपेरा झाला तोही, माहीत असलेल्या नोंदींप्रमाणे, लंडनच्या चेल्सी भागात जोसायस प्रीस्ट नावाच्या नृत्यशिक्षकाच्या मुलींच्या शाळेत, 1689च्या सुमारास. ऑपेराभर नाच पसरलेले आहेत. दुःखाचं गाणं म्हणून लय इतकी ओढायची की खर्जाची चालच कळेनाशी व्हावी, ही जुन्या ध्वनिमुद्रणांतून आलेली सवय आहे. खर्ज चालत राहिला पाहिजे. आरिया साडेतीन-चार मिनिटांत व्हावी. तुमच्या विलंबित ख्यालाच्या मानाने ही लय मुळीच संथ नाही, त्यामुळे मनाला हे सोपं जावं.

आधीचा रेसिटेटिव्ह, म्हणजे बोलल्यासारखा गायचा भाग, 'दाय हँड, बेलिंडा', गाळू नका. काही जण परीक्षेत वेळ वाचवायला थेट आरियापासून सुरू करतात आणि मग पहिल्या वाक्यात भाव शोधत बसतात. त्या थोड्याशा खंडांत आवाज अडखळत, पायऱ्या उतरत जवळजवळ सप्तकभर खाली सरकतो. अंधार दाटतोय, तुझ्या छातीवर डोकं टेकू दे, आणखी बोलले असते पण मरण आत शिरतंय, आणि आता मरण हा हवासा पाहुणा आहे. हे तालात मोजून गाऊ नका. बोलल्यासारखं, शब्दाच्या वजनाने म्हणा. 'डार्कनेस'वर स्वरांची एक घसरण आहे, ती तान नव्हे. तिला तानेसारखी दाणेदार केलीत तर अंधाराची मजाच जाते. इथे डायडो खाली उतरते आणि लगेच खर्जही उतरायला लागतो, म्हणजे जी वाट तिने धरली तीच खर्ज पुढे चालवतो.

हे जोडून सांगते: डायडोचं ऑपेरातलं अगदी पहिलं गाणं, 'आ बेलिंडा', तेही ग्राउंड बासवरच आहे. तेव्हा ती प्रेमात पडलेली आहे आणि ते कबूल करायला घाबरतेय. ते गाणं जरूर शिका, परीक्षेत नसलं तरी. पहिल्या गाण्यातली अस्वस्थता गळ्यातून गेल्याशिवाय शेवटच्या गाण्यातला ठामपणा कळत नाही. दोन्ही वेळा समोर बेलिंडाच आहे.

उच्चारांबद्दल थोडं. मराठी जिभेला 'अर्थ'मधला शेवटचा वर्ण आपल्या 'थ'सारखा येतो, हवा अडवून. तिथे जीभ दातांच्या टोकाशी अलगद ठेवून हवा सरकू द्यायची. त्याच शब्दातला 'र' म्हणायचाच नाही, आधीचा स्वर लांबवायचा. 'रिमेंबर'चा शेवटचा 'र' पण सोडा. 'लेड' आणि 'फेट'मध्ये 'ए' धरून ठेवा, शेवटचा 'इ'चा भास अगदी अखेरच्या क्षणी. आणि 'बट आ'मधला 'आ' हा सुस्कारा करू नका. स्वर सुरू होण्याआधी हवा सोडायची सवय नाट्यगृहातून आपल्याकडे आली आहे. इथे तो स्वच्छ स्वरावर सुरू झाला पाहिजे.

ऐकायचं काय? जेनेट बेकरचं 1961चं ध्वनिमुद्रण आधी ऐका. मेझो, म्हणजे मधल्या पट्टीचा स्त्री-आवाज, आणि एका शब्दावरही ती गरजेपेक्षा जास्त भार टाकत नाही. मग एमा कर्कबीचं 1981चं, अँड्र्यू पॅरटच्या संचातलं. आवाज पातळ, सरळ, जवळजवळ मुलीसारखा. वाद्यं जुन्या पद्धतीची आणि जुन्या पट्टीतली, म्हणून तुमच्या हार्मोनियमवर ते सुमारे अर्धा स्वर खाली, काळी तीनच्या आसपास लागेल, गोंधळू नका. या दोघींनंतर कर्स्टन फ्लॅगस्टाड ऐका. जर्मन ऑपेराकार वॅग्नरच्या अजस्र भूमिका गाणारी ही नॉर्वेची गायिका 1951मध्ये लंडनच्या छोट्याशा मर्मेड थिएटरमध्ये डायडो गायली आणि पुढच्या वर्षी तिचं ध्वनिमुद्रण झालं. लय आजच्या मानाने जड आहे, पण एवढा मोठा आवाज किती आवरून धरता येतो हे त्यात कळतं. जेसी नॉर्मनही भव्य आहे, पण ती शेवटी ऐका. पहिल्यांदा तिला ऐकलं की सगळे तिचीच नक्कल करायला जातात आणि तो आवाज कुणाकडेच नसतो.

ब्रिटनमध्ये नोव्हेंबरात युद्धात मेलेल्यांच्या स्मृतिदिनी लंडनच्या सेनोटाफ स्मारकापाशी लष्करी बँड जे मोजके तुकडे वाजवतात त्यात ही चाल असते. शब्दांशिवाय, नुसत्या वाद्यांवर. तेही ऐकून बघा. तिथे कुणी रडत नाही, बँड एका लयीत वाजवतो, आणि तरी काय व्हायचं ते होतं.

पुनरावृत्तीचा प्रश्न राहिला. दोन्ही भाग दोनदा आहेत, आणि ओळ तीच असली तरी दुसऱ्या वेळी डायडोकडे कमी ताकद आहे, एवढं धरून चाला. मी विद्यार्थिनींना सांगते, पहिल्यांदा बेलिंडाकडे बघून गा, कारण तिला समजवायचं आहे. दुसऱ्यांदा ती समजली की नाही हे तुला आता दिसत नाही. यासाठी आवाज मुद्दाम क्षीण करायचा नाही. नजर बदलली की वाक्याचा रोख आपोआप बदलतो. हे ज्यांना नाटकी वाटतं त्यांनी नुसता जोर बदलावा: पहिल्या फेरीत 'नो'वर, दुसऱ्या फेरीत 'ट्रबल'वर. तेवढ्यानेही फरक पडतो.

आणि तुमचं गाणं संपल्यावरची दोन आवर्तनं. इथे व्हायोलिनं वरून तशीच पायरी-पायरीने उतरतात, आतापर्यंत खर्जात असलेलं ते उतरणं आता वरच्या स्वरांत पसरतं. ऑपेरात लगेच कोरस येतो. तो क्यूपिडना, म्हणजे प्रेमाच्या पंखवाल्या देवांना, सांगतो की पंख खाली करून या, हिच्या थडग्यावर गुलाब उधळा आणि इथेच पहारा द्या, कधीही सोडून जाऊ नका. परीक्षेत कोरस नसतो, पण ती दोन आवर्तनं असतात, आणि परीक्षक तेव्हाही तुमच्याकडे बघत असतो. शेवटचा सा गाऊन झाला की खांदे सैल सोडून पाण्याच्या बाटलीकडे बघणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत. वाद्यं थांबेपर्यंत गाणं चालू आहे असं धरा.

शेवटचं सांगणं साथीदाराबद्दल. परीक्षेच्या आधी त्याच्याबरोबर किमान एकदा असं बसा की तो फक्त डावा हात वाजवेल, बाकीचे कॉर्ड नाहीत. तुम्ही पूर्ण आरिया त्या उघड्या खर्जावर गा. कुठे तुम्ही त्याच्या समेला टेकताय ते लगेच सापडेल, तिथे पेन्सिलीने खूण करा. आणि आवर्तन संपताना लय ओढायची सवय पियानिस्टांना असते, कारण त्यांना वाटतं गायिकेला मदत होते. त्याला आधीच सांगून ठेवा: मी कुठेही असले तरी तू थांबू नकोस.